लॅमिनेट केलेलं नॉर्मल

आमच्या आप्पांचा लॅमिनेशनवर जितका विश्वास आहे, तितका माझ्यावर कधीच नव्हता, असं मी परवापरवापर्यंत समजत होते. सरकारी कचेरीत कारकून म्हणून त्यांनी उभं आयुष्य कागद वाचवण्यात घालवलं: वाळवीपासून, पावसापासून आणि मुख्य म्हणजे साहेबांपासून. निवृत्त झाल्यावर वाचवायला कचेरी उरली नाही, तेव्हा त्यांनी घर हाती घेतलं. आधार कार्ड, रेशन कार्ड, माझं दहावीचं गुणपत्रक, गॅसवाल्याचा नंबर, आईच्या गुडघ्यांचे व्यायाम, सगळं प्लॅस्टिकमध्ये बंद. सिडकोतल्या आमच्या कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला त्यांना लांबून येताना बघूनच मशीन तापायला लावतो. आई म्हणायची, आता मीच तेवढी बाकी आहे.

मी नाशिकच्याच एका खासगी हॉस्पिटलात सीटी स्कॅनची टेक्निशियन आहे. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, कारण नोकरी अजून चालू आहे. एकोणीस वर्षं झाली. लोकांना आडवं करायचं, मशीनच्या गोल भोकात सरकवायचं, 'श्वास रोखा' म्हणायचं, 'सोडा' म्हणायचं आणि फोटो डॉक्टरांकडे पाठवायचे. रिपोर्ट लिहायचा अधिकार माझा नाही. पण इतकी डोकी बघितल्यावर माणसाला आपलंही डोकं आहे असं वाटायला लागतं, आणि तिथेच घात होतो.

मध्यंतरी आमच्याकडे एक नियम आला. झालं असं की ॲसिडिटी म्हणून घरी पाठवलेला एक पेशंट तिसऱ्या दिवशी परत आला आणि ती ॲसिडिटी नव्हती. त्यावर बैठक झाली. बैठकीत सामोसे होते, वरचे साहेब होते, आणि ज्यांनी आयुष्यात कॅज्युअल्टीत एक दिवस काढलेला नाही असे बरेच जण होते. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणतात. आमच्या साहेबांनी ताक, पाणी, सरबत, सगळंच फुंकायला घेतलं. ठरलं असं: एकदा तपासून घरी पाठवलेला माणूस महिन्याच्या आत कॅज्युअल्टीत परत आला, की त्याचा सीटी काढायचा. कुठला भाग? जिथे दुखतंय तो. सगळीकडे दुखत असेल तर? तेव्हा साहेबांनी घड्याळाकडे बघितलं आणि बैठक संपली.

मग काय विचारता! परत येणं हाच आजार झाला. कुणाला काय होतंय हे विचारण्याआधी 'आधी आला होतात का?' हे विचारलं जाऊ लागलं. आणि 'हो' म्हटलं की माझ्या खिडकीत फॉर्म. एकदा घोटीचा एक गृहस्थ असाच फॉर्म घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. चांगला धडधाकट. मी विचारलं, कुठे दुखतंय? तो म्हणाला, "अहो बाई, मला काय बी होत नाय. परवा मेव्हण्याच्या संगं आलो व्हतो, माझं बी बीपी तपासलं व्हतं. छत्री इसारली, ती न्यायाला आलोय." मी छत्री शोधून दिली आणि फॉर्मवर लिहिलं, 'छत्री सापडली, पेशंट बरा आहे.' साहेबांना ते आवडलं नाही म्हणे.

त्या नियमाला एक चोरवाट होती. पेशंटचा त्याच भागाचा सीटी महिन्याभरात झालेला असेल, तर परत काढण्याआधी मी कॅज्युअल्टीत फोन करून विचारायचं. विचारायचं, एवढंच. पण माझं विचारणं कसं असतं हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. "आत्ता तर काढलाय. नॉर्मल आहे. सीटी म्हणजे काय चहा आहे का, पाहुणा आला की पुढे ठेवायला?" असं मी विचारायचे. अर्धे फॉर्म मी फोनवरच परत पाठवले असतील. उगाच क्ष-किरणांचा मारा कशाला, हे माझं म्हणणं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. बहुतेक वेळा माझंच बरोबर निघायचं. वाईट झालं ते त्यामुळेच.

तर आप्पा. आमच्या कॉलनीतल्या विहारात रविवारी वंदनेला गर्दी होते आणि चपलांचा ढीग पायरीवर येतो. म्हाताऱ्या बायका अडखळतात. आप्पांनी कुणी न सांगता सूचना लिहिली: 'चपला जोडीने व रांगेत ठेवाव्यात. आपल्या चपलेची जबाबदारी आपली.' अक्षर सुंदर, खाली सही, वर लॅमिनेशन. ती स्वतःच्या हाताने भिंतीवर ठोकायला ते स्टुलावर चढले. वय चौऱ्याहत्तर. हृदयासाठी रोज रक्त पातळ ठेवायची गोळी चालू. खिळा ठोकला, पाटी लावली, सरळ लागली का ते बघायला एक पाऊल मागे गेले. स्टुलावर मागे पाऊल ठेवायला जागा नसते हे ते विसरले.

डोकं पायरीवर आपटलं. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून आमच्या हॉस्पिटलात आणलं. मी ड्यूटीवर होते. सीटी मीच काढला. रेडिऑलॉजिस्टनी बघितलं आणि लिहिलं की मेंदूत रक्तस्राव नाही, स्कॅन नॉर्मल. मला इतकं हलकं वाटलं की मी कँटीनमधून सगळ्यांना वडे मागवले. डॉक्टरांनी आप्पांना घरी सोडताना एक चिठ्ठी दिली: पुढच्या काही आठवड्यांत डोकेदुखी वाढली, गुंगी आली, वागण्यात फरक पडला, हातापायाची ताकद कमी वाटली, तर ताबडतोब परत या.

आप्पांनी घरी जाताना रिक्षा कोपऱ्यावर थांबवली. डोक्याला पट्टी, आणि हे झेरॉक्सच्या दुकानात. नॉर्मलचा रिपोर्ट लॅमिनेट झाला. ती सूचनांची चिठ्ठी मात्र साधीच राहिली. आईने दुसऱ्या दिवशी मेथी निवडताना तिच्यावर देठं ठेवली, आणि देठांबरोबर तीही गेली.

पुढचे दहाबारा दिवस आमच्या घरी प्रदर्शन भरलं होतं. जो भेटायला येईल त्याला चहाआधी रिपोर्ट. "वाचा. डोक्यात काहीही नाही. लेखी आहे." आई आतून म्हणायची, "हे मी लग्नापासून सांगत व्हते, तवा कुणी ऐकलं नाय." आईचं माहेर विंचूरचं. कांद्याच्या बाजारात वाढलेली बाई आहे, तिचा आवाज चार घरं ओलांडून जातो. मी दोन गल्ल्या सोडून राहते. मला तो आवाज माझ्या ओट्यापाशी ऐकू यायचा आणि बरं वाटायचं.

मग एका सकाळी आईने त्यांना किराणा आणायला पाठवलं. तासाभराने आप्पा आले. पिशवी रिकामी, आणि हातात लॅमिनेट केलेली किराणा मालाची यादी. तूरडाळ दोन किलो, पोहे, हिंग, भांड्यांचा साबण. चारही बाजू व्यवस्थित कापलेल्या. आईने कपाळावर हात मारला. मी त्या यादीचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'हिंग आता अमर झालं.' सगळे दोन दिवस हसत होते. आप्पाही हसले, पण जरा उशिरा. आम्ही हसायला लागल्यावर आमच्याकडे बघून हसले. ते मला दिसलं होतं. दिसून मी त्याचं काहीच केलं नाही.

त्यानंतर ते दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या झोपायला लागले. पेपर हातात, मान छातीवर. डोकं जड आहे म्हणायचे. वय झालं, आम्ही म्हणायचो. पडल्यापासून सतराव्या दिवशी डोकं फारच ठणकलं म्हणून शेजारी त्यांना परत कॅज्युअल्टीत घेऊन आले. माझ्या खिडकीबाहेर तेव्हा चार पेशंट रांगेत होते, त्यातला एक मालेगावहून सकाळीच निघून आलेला आणि माझ्यावर खवळलेला. तेवढ्यात कॅज्युअल्टीतून फॉर्म आला. नाव आप्पांचं. कारण: परत आलेला पेशंट, नियमाप्रमाणे डोक्याचा सीटी.

मी फोन उचलला. ड्यूटीवरचे डॉक्टर नवे होते, नियमाला आणि मला दोघांनाही घाबरणारे. मी म्हणाले, "सर, माझे वडील आहेत ते. कालपरवाच सीटी केलाय, मीच केलाय. एकदम नॉर्मल. त्यांना मानेचा त्रास आहे जुना. उगाच परत कशाला?"

कालपरवा! सतरा दिवसांना मी कालपरवा म्हणाले. त्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं तर मी नावही काढलं नाही. आणि खाली आप्पांनी पिशवीतून तो चकचकीत रिपोर्ट काढून डॉक्टरांच्या हातात दिला. आता सांगा, टेक्निशियनबाई म्हणतात नॉर्मल, कागद म्हणतो नॉर्मल, कागदावर प्लॅस्टिक. बिचारा डॉक्टर काय करणार? मानेचा पट्टा आणि गोळ्या देऊन आप्पांना घरी पाठवलं. त्या दिवशी मी एक अनावश्यक सीटी वाचवला म्हणून मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली. लोकांच्या डोक्यात उजेड पाडणाऱ्या बाईच्या दिव्याखाली असा मिट्ट अंधार होता.

दोन दिवसांनी, दुपारी, आई त्यांना रिक्षात घालून तिसऱ्यांदा घेऊन आली. त्या दिवशी कॅज्युअल्टीत एक डॉक्टर मॅडम होत्या. सटाण्याकडच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांचं आणि माझं फारसं जमत नसे, कारण फोनवर माझं 'विचारणं' संपेपर्यंत त्या शांत ऐकायच्या आणि मग म्हणायच्या, "झालं? आता काढा." आई आली असं कळल्यावर मी खाली धावले. आप्पा पलंगाच्या कडेवर बसले होते, गळ्यात पट्टा, मांडीवर रिपोर्ट. मॅडम आल्या तसा त्यांनी तो पुढे केला. "वाचा. लेखी आहे." पण शब्द जड येत होते, तोंडात सुपारी असल्यासारखे.

मॅडमनी तो घेतला आणि वाचला नाही. फक्त वरची तारीख बघितली आणि परत दिला. मग आईला विचारलं, "त्या दिवसापासून ह्यांच्यात काय बदललंय?"

माझ्या एकोणीस वर्षांत हा प्रश्न मी फोनवर कुणालाही विचारला नव्हता. मी कायम विचारायचे, आधी काढलाय का.

आई म्हणाली, "मॅडम, ह्यांची डावी चप्पल पायात ऱ्हात नाय. एक पायात अन् एक जिन्यात. ह्यांना पत्ताच नाय. लोकांला पाट्या लावून सांगत्यात चपला जोडीनं ठेवा, अन् सोता एक चप्पल घालून विहारात गेले. अन् मॅडम, किराण्याची यादी..." आणि तिने यादीची गोष्ट सांगितली. मी सवयीने हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि माझं हसू तोंडावरच वाळलं.

"काका, दोन्ही हात पुढे करा. तळवे वर. आता डोळे मिटा." आप्पा रिपोर्ट सोडायला तयार होईनात, तेव्हा मॅडमनी तोच कागद त्यांच्या दोन्ही तळव्यांवर आडवा ठेवला. आप्पांनी डोळे मिटले. एखादी फाईल साहेबांपुढे धरावी तसे ते बसले होते. पहिल्यांदा काही झालं नाही. मग डावा हात हळूहळू खाली जायला लागला. ते स्वतः ताठ बसले होते, चेहऱ्यावर अभिमान होता, आणि डावा हात त्यांना न सांगता खाली चालला होता. कागद कलला, घसरला आणि फरशीवर पडला.

"पडला का?" आप्पांनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

मी तो उचलला नाही. मला उचलता आला नाही. मॅडम म्हणाल्या, "चला, सीटी." मी म्हणाले, "हो." एवढंच.

त्यांना मशीनवर मीच झोपवलं. डोक्याखाली आधार दिला, पट्टा बांधला, हलू नका म्हणाले. काचेपलीकडे येऊन बसले आणि चित्रं येऊ लागली. मेंदूच्या उजव्या बाजूला, कवटीच्या आतून, चंद्रकोरीच्या आकाराचा एक करडा थर जमला होता. पहिल्या दिवशी तिथे काहीच नव्हतं. आपटल्यावर एखादी बारीक शीर झिरपायला लागते, दिवसाला थोडी थोडी, आणि रक्त पातळ असेल तर थांबता थांबत नाही. दोनतीन आठवड्यांनी तो साठा मेंदूला एका बाजूला ढकलतो. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. हे मी शिकाऊ मुलींना शिकवते. पहिला स्कॅन नॉर्मल असला तरी बेसावध राहू नका, असं माझ्याच तोंडाने सांगते. आप्पांच्या मेंदूची मधली रेघ सरळ राहिली नव्हती, डावीकडे सरकली होती. मला फार भीती वाटली. त्याहून जास्त लाज वाटली. दोन दिवसांपूर्वी तिथे किती होतं आणि किती नव्हतं, हे मला कधीच कळणार नाही, कारण तो सीटी मी वाचवला होता.

संध्याकाळच्या आत ऑपरेशन झालं. कवटीला दोन भोकं पाडून ते जुनं, काळपट रक्त काढून टाकलं. आई बाहेर बाकावर आप्पांच्या चपला मांडीवर घेऊन बसली होती. दोन्ही. मॅडम ड्यूटी संपल्यावर आल्या, आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. चार शब्द सुनावले असते तर मी त्यांच्याशी भांडून तरी मोकळी झाले असते.

आप्पा वाचले. तिसऱ्या दिवशी त्यांनी नर्सला विचारलं की पलंगाला लावलेला तक्ता असा उघडा का ठेवलाय, डाग पडतील. तेव्हा आईने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "आलं मानूस जाग्यावर."

घरी आल्यावर काही आठवड्यांनी, एका रविवारी, त्यांनी मला बोलावून घेतलं. समोर तो पहिला रिपोर्ट, नॉर्मलवाला. हातात शाईचं पेन. "शेरा मारायचाय," म्हणाले. कारकुनाचा धर्मच तो. कागदात चूक राहिली तर कागद फाडायचा नाही, बाजूला शेरा मारायचा. पण प्लॅस्टिकवर शाई बसेना. लिहिलं की थेंब गोळा व्हायचे, आणि अंगठा लागला की पुसलं जायचं. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. आप्पा त्या चकाकत्या कागदाकडे असे बघत राहिले, जसं काही जन्माची ओळख असलेल्या माणसाने फसवलंय.

"ह्याच्यावर शेरा चढत नाही गं," ते म्हणाले.

आम्ही सीटीच्या सीडीवर पेशंटचं नाव लिहायला जो न पुसणारा मार्कर वापरतो, तो माझ्या पर्समध्ये होता. तो दिला. डाव्या हाताला अजून पुरता जोर नव्हता, कागद सरकत होता, म्हणून मी तो दोन्ही हातांनी धरला. त्यांनी 'नॉर्मल'च्या शेजारी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: 'सदर निष्कर्ष त्या दिवसापुरता. पेशंट परत आल्यास नव्याने चौकशी व्हावी.' खाली छोटी सही. "तुझ्या खोलीत लाव हे," म्हणाले.

दुसरा रिपोर्ट, रक्त दिसलेला, शेजारीच पडला होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "हा देऊ लॅमिनेट करून?"

"नको. अजून तपासण्या व्हायच्यात. त्याच्यावर लिहायला लागेल."

मग मला राहवलं नाही. "आप्पा, तुम्ही दुसऱ्यांदा आलात ना, तेव्हाच सीटी होणार होता. मीच फोन करून नको म्हणाले."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "डॉक्टरांनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला होता. तुझा आवाज आईवर गेलाय. अख्ख्या कॅज्युअल्टीने ऐकलं."

"मग पुढचे दोन दिवस तुम्ही बोलला का नाहीत? दुखत नव्हतं का?"

"फार दुखत होतं," आप्पा म्हणाले. मार्करचं टोपण त्यांना लागत नव्हतं, उजव्या हाताने ते चाचपडत होते. "पण तू नॉर्मल म्हणाली होतीस. मग दुखतंय म्हणून कुणाला सांगायचं?"

मी मार्करचं टोपण लावून दिलं, आणि अक्षरं वाळेपर्यंत कागद धरून बसले.